रिकाम्या हातांनी

बाली बेटाच्या दक्षिण टोकाला, समुद्रावर सरळ उभ्या असलेल्या कड्यावर उलुवाटूचं देऊळ आहे. तिथली लांब शेपटीची माकडं पर्यटकांचे चष्मे, टोप्या, चपला आणि मोबाइल हिसकावतात. हिसकावलेली वस्तू घेऊन ती लांब पळून जात नाहीत. हातात धरून समोरच बसून राहतात. देवळातला कर्मचारी खाऊ पुढे करतो, माकड तो घेतं आणि वस्तू टाकून देतं. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाचे ज्याँ-बाप्तिस्त लेका आणि त्यांचे सहकारी यांनी या देवघेवीचा बारकाईने अभ्यास केला आणि २०२१ साली निष्कर्ष मांडले. लहान माकडं हाताला लागेल ते उचलतात. वयात आलेली माकडं मात्र माणसाला जी वस्तू प्रिय, तीच निवडून पळवतात आणि तिच्या बदल्यात जास्त किंवा अधिक आवडीचा खाऊ मिळेपर्यंत अडून बसतात. कॅमेऱ्याच्या रिकाम्या पिशवीसाठी कुणी फारसं काही देत नाही, मोबाइलसाठी देतं, हे त्यांना कळलेलं आहे. हे ज्ञान जंगलातून आलेलं नाही. बालीतल्या त्याच जातीच्या इतर टोळ्यांत ही देवघेव अशी रुजलेली नाही. उलुवाटूच्या माकडांना ती माणसाने शिकवली, एकेका केळ्याने. माकडांच्या अभयारण्यात जाणाऱ्याला ज्याची भीती वाटते तो धोका बहुतांशी असाच, माणसाच्या हातातल्या खाण्यातून तयार झालेला असतो. म्हणून स्वतःला जपणं आणि माकडाचा मान राखणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जी कृती माकडाला माकड म्हणून जगू देते, तीच आपल्यालाही चाव्यापासून वाचवते.

याच बेटावर उबुदजवळ पाडांगतगल गावाचं पवित्र वानरवन आहे. सुमारे बारा हेक्टर दाट झाडी, तीन देवळं आणि हजाराहून अधिक माकडं. इथली माकडंही मोकळीच आहेत, पण त्यांना खायला घालण्याचं काम कर्मचाऱ्यांचं. रताळी हा मुख्य आहार, आणि तो ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मिळतो. पाहुण्याने काही द्यायचं नाही, खाण्याच्या वस्तू बरोबर आणायच्या नाहीत, प्लास्टिकची पिशवी हातात धरायची नाही, माकडाच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही, पळायचं नाही, ओरडायचं नाही. हे नियम फलकावर वाचले की शाळेतल्या सूचनांसारखे वाटतात आणि तसेच विसरले जातात. पण त्यातला प्रत्येक नियम माकड आपल्याला कसं वाचतं याचं उत्तर आहे. पिशवीची करकर म्हणजे खाऊ, हे माकड एकदा शिकलं की पिशवीत छत्री असो वा औषधं, तिच्यावर झडप पडणारच. इथेही चावे होतात, पण ते बहुधा नियम मोडले गेले तिथे होतात. ज्याने चॉकलेट खिशात ‘लपवलं’ त्याला हे ठाऊक नसतं की लपवण्याची हालचाल माकडाने पाहिली आहे.

सर्वांत मोठा घोटाळा चेहऱ्याचा होतो. माकड आणि माणूस यांचे चेहरे इतके सारखे, की आपण आपलेच अर्थ त्यांच्यावर चढवतो. मकाक कुळातलं माकड, म्हणजे आपल्याकडचं लाल तोंडाचं माकड किंवा बालीतलं लांब शेपटीचं, दात पूर्ण उघडे करून ओठ मागे ओढतं तेव्हा ते हसत नसतं. बहुतेक वेळा ते घाबरलेलं असतं आणि ‘मला मारू नका’ असं वरचढाला सांगत असतं. धमकीचा चेहरा वेगळा. आधी नजर रोखली जाते. मग भुवया वर, कपाळाची कातडी मागे ताणलेली, कान डोक्याला चिकटलेले. तोंड गोल उघडतं, पण दात ओठांनी झाकलेले असतात. मान पुढे झटकली जाते, हात जमिनीवर आपटला जातो आणि त्यानंतर एक छोटी खोटी धाव. एवढ्या पायऱ्या माकड खर्च करतं, कारण चावा हा त्याच्यासाठीही शेवटचा उपाय असतो; भांडणात त्यालाही इजा होते. दुर्दैव असं की या पायऱ्या आपल्याला दिसूनही कळत नाहीत. लेटिशिया मारेशाल आणि सहकाऱ्यांनी मकाक कुळातल्याच बार्बरी माकडांच्या चेहऱ्यांची छायाचित्रं लोकांना दाखवून २०१७ साली जे प्रसिद्ध केलं, त्यात धमकीचा चेहरा शांत किंवा मैत्रीचा समजण्याची चूक वारंवार आढळली, आणि माकडांचा अनुभव असलेली माणसंही त्यातून पूर्णपणे सुटली नाहीत. आता सेल्फी घेणाऱ्याचा विचार करा. तो माकडाच्या अगदी जवळ जातो, दात दाखवून हसतो, फोन त्याच्या तोंडासमोर धरतो आणि एकटक बघतो. माकडाच्या भाषेत त्याने एका दमात धमकी, भीती आणि घुसखोरी अशा तीन गोष्टी बोलून टाकलेल्या असतात. चाव्याला मग ‘अचानक’ म्हटलं जातं.

म्हणून पहिली सवय लावायची ती नजरेची: बघा, पण रोखून नको. तिरपं बघावं, मधून मधून नजर दुसरीकडे न्यावी. पिल्लू आणि त्याची आई यांच्या मध्ये कधीही येऊ नये. पिल्लू स्वतःहून आपल्या पायाशी आलं तरी मागे सरकावं, कारण त्याने केलेल्या एका किंकाळीवर अख्खी टोळी धावून येते आणि दोष कुणाचा हे ती विचारत नाही. लहान मुलं मोठ्यांच्या मध्ये चालवावीत. मुलाचा चेहरा माकडाच्या उंचीला असतो, हातात बहुधा खाऊ असतो आणि माकड आलं की ते किंचाळून पळतं. तिन्ही गोष्टी माकडाला बोलावणाऱ्या. माकड अंगावर चढलंच तर त्याला ओढू किंवा झटकू नये. पकडल्यासारखं वाटलं की ते चावतं. सावकाश चालत राहावं, हातात काही असेल तर सोडून द्यावं, ते आपण होऊन उतरतं. वस्तू हिसकावली तर रस्सीखेच करू नये, कर्मचाऱ्याला हाक मारावी. आणि माघार घ्यायची असेल तर पाठ न फिरवता, नजर खाली ठेवून, पावलं मागे टाकत घ्यावी. पळणाऱ्याचा पाठलाग होतो.

इतकं करूनही चावा किंवा ओरखडा झाला तर रक्त थोडं आलं की जास्त, याचा विचार करत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवावी, त्यावर पोव्हिडोन आयोडिनसारखं जंतुनाशक लावावं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आपल्याकडे अजूनही जखमेवर हळद, चुना, तिखट भरलं जातं. त्याने विषाणू मरत नाही, धुणं मात्र राहून जातं. रेबीज कुत्र्यापेक्षा माकडातून होण्याचं प्रमाण फार कमी, पण लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो, त्यामुळे इथे शक्यतांचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. लस घ्यावी, आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या तयार प्रतिपिंडांची विचारणा करावी. मकाक माकडांत आणखी एक विषाणू असतो, बी विषाणू. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्रेबनर हे तरुण डॉक्टर ऱ्हीसस माकडाच्या चाव्यानंतर दगावले, त्यातून तो उजेडात आला. त्यानंतर आजवर माणसात त्याची नोंद झालेली उदाहरणं पन्नासच्या आसपास आहेत, तीही बहुतेक प्रयोगशाळांतली. पण २०२४ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगच्या काम शान उद्यानात जंगली माकडांशी संबंध आलेला ३७ वर्षांचा माणूस या विषाणूने अतिदक्षता विभागात पोचला. त्या शहरातली ती पहिलीच नोंद. घाबरून जाण्याएवढा हा धोका मोठा नाही. परंतु चावणारं माकड कोणत्या जातीचं होतं हे डॉक्टरला सांगण्याएवढा तो नक्कीच मोठा आहे. आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात आणि गोव्यात सत्तरीत पसरलेला माकडताप याहून निराळा: तो माकडाच्या चाव्याने होत नाही, गोचिडीने होतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावं, कारण मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी नवं शरीर शोधत असतात.

इथवरचा हिशेब आपल्या बाजूचा झाला. माकडाच्या बाजूचा हिशेब क्वचितच मांडला जातो, आणि माझ्या मते तोच अधिक जड आहे. मोरोक्कोच्या मध्य ॲटलस पर्वतात पर्यटकांच्या वाटेवर राहणाऱ्या बार्बरी माकडांचा मारेशाल यांनी अभ्यास केला. पर्यटकांची संख्या वाढली की माकडांचं स्वतःला खाजवणं वाढतं. माकडांत ही अस्वस्थतेची ओळखलेली खूण आहे. माणसांशी झटापटी जास्त झाल्या की विष्ठेतल्या ताणाच्या संप्रेरकांची पातळी वर जाते. पर्यटकांचं खाणारी माकडं अंगाने मोठी भरली, पण त्यांची लव विरळ झालेली होती. म्हणजे जे माकड आपल्याला गुबगुबीत आणि माणसाळलेलं दिसतं, ते आतून शांत असतंच असं नाही. जंगलाचंही नुकसान होतं. पश्चिम बंगालच्या बक्सा व्याघ्र प्रकल्पात ऱ्हीसस माकडांवर झालेलं काम या दृष्टीने मोलाचं आहे. माकड फळं खातं आणि बिया दूरवर टाकतं, जंगलाची ती एक मोठी पेरणीच. तिथे असं दिसलं की लोकांनी खायला घातल्यावर माकडं कमी जातींची फळं खाऊ लागतात, रस्त्याकडेला जास्त वेळ बसतात आणि त्यांनी टाकलेल्या बिया डांबरावर पडतात. वरंधा, ताम्हिणी, आंबेनळी अशा आपल्या घाटांत कठड्यावर रांगेने बसलेली माकडं पाहिली की हे वेगळं सांगावं लागत नाही. उंबर, जांभूळ, करवंद मागच्या रानात आणि माकड गाडीच्या काचेशी. बिस्किट रस्त्यावर पडतं, पिल्लू त्यामागे धावतं आणि वळणावरून दुसरी गाडी येते. काळ्या तोंडाच्या वानराची गोष्ट आणखी नाजूक. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं, पानं आंबवून पचवणारं. पाव आणि फरसाण त्यासाठी बनलेलं नाही.

यावर पहिला आणि मनापासूनचा आक्षेप येतो तो श्रद्धेचा. मारुतीच्या देशात वानराला घास देणं हे पुण्य, ते हौस म्हणून कुणी करत नाही, मग त्यात अनादर कसा? भावनेबद्दल वाद नाही. तिच्यामुळेच या देशात माकडं माणसांच्या इतक्या जवळ टिकून राहिली. प्रश्न इतकाच आहे की तो घास कुणाच्या हिताचा. आणि याचं उत्तर महाराष्ट्रातच एका गावाने दिलेलं आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन वानरांच्या नावे असल्याची नोंद आहे, ती बातमी २०२२ साली देशभर गाजली. त्या जमिनीवर वनखात्याने झाडंही लावली. गावात वानरांना खायला घालण्याचीही चाल आहे, हे खरं. परंतु त्या परंपरेतली थोर गोष्ट कोणती असं विचारलं तर मी जमिनीकडे बोट दाखवीन. घास एका दिवसाचा असतो आणि तो देणाऱ्याला समाधान देतो. जमीन आणि तिच्यावरची झाडं माकडाला माणसाचं तोंड बघायची वेळ येऊ देत नाहीत. ज्याला पुण्य हवं आहे त्याने उंबराचं रोप लावावं. ते फळेल तेव्हा माकड खाईल, पक्षी खातील आणि कुणाचा हात चावला जाणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: जंगल आपणच तोडलं, आता आपण दिलं नाही तर माकडं उपाशी मरतील. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा बहुतेक ठिकाणी खरा नाही. मकाक माकडं पानं, फुलं, कंद, किडे, साल, काहीही खाऊन तग धरणारी आहेत. म्हणूनच तर ती शहरात घुसू शकली. उलट, खायला घालण्यानेच त्यांचं पुढचं पोट टांगणीला लागतं. थायलंडच्या लोपबुरी शहरात माकडांसाठी दरवर्षी मेजवानी मांडली जाते. करोनामुळे मार्च २०२० मध्ये पर्यटक येईनासे झाले तेव्हा त्याच शहरात शेकडो माकडं रस्त्यावर खाण्यासाठी एकमेकांवर तुटून पडलेली जगाने पाहिली. २०२१ साली बालीतल्या सांगेह वनाची माकडं शेजारच्या घरांच्या छपरांवर उतरू लागली, कारण तेच होतं. लोपबुरीत २०२४ साली मोठ्या प्रमाणावर पिंजरे लावून माकडं पकडावी लागली. आपल्याकडे शिमल्यात २०१६ साली ऱ्हीसस माकडाला काही मुदतीसाठी उपद्रवी प्राणी ठरवण्यात आलं. प्रेमाने सुरू झालेलं खायला घालणं पिंजऱ्यापाशी किंवा बंदुकीपाशी येऊन थांबतं, हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. जपानच्या ताकासाकियामात १९५३ साली उद्यान उघडलं तेव्हा माकडं दोनशेच्या आसपास होती. शेतीची नासाडी थांबावी म्हणून त्यांना डोंगरावरच खायला घालायला सुरुवात झाली. पुढे संख्या दोन हजारांच्या वर गेली आणि खाणं कमी करत आणावं लागलं. जिथे जंगल खरोखरच उरलेलं नाही तिथे खायला घालणं भाग असेल, तर ते उबुदसारखं असावं: ठरलेल्या माणसाकडून, ठरलेल्या प्रमाणात, पाहुण्याच्या हातून मुळीच नाही. माकडाला पाहुणा आणि खाऊ यांची सांगड घालता आली नाही पाहिजे, सारा मुद्दा एवढाच आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि सगळ्यांत कच्चा आहे: आम्ही इतक्या वेळा दिलं, आम्हाला कधी काही झालं नाही. बरोबर आहे, देणाऱ्याला बहुधा काही होत नाहीच. माकडाला खाऊ मिळाला, ते निघून गेलं. किंमत मोजतो तो मागून येणारा, ज्याच्या हातात काही नसतं. कधी मिळतं, कधी मिळत नाही, अशा प्राप्तीने लागलेली सवय सर्वांत चिवट असते, आणि न मिळाल्यावर माकड आधी मागतं, मग ओढतं, मग चावतं. म्हणूनच काही ठिकाणी हा प्रश्न सदिच्छेवर सोडलेला नाही. हाँगकाँगने १ ऑगस्ट २०२४ पासून जंगली प्राण्यांना खायला घालण्याचा कमाल दंड दहा हजारांवरून एक लाख हाँगकाँग डॉलरवर नेला, शिवाय एक वर्षापर्यंत कैद. गिब्राल्टरच्या खडकावरही माकडांना खायला घालणं हा दंडाचा गुन्हा आहे. क्योटोजवळच्या अराशियामात तोडगा वेगळा आणि माझ्या दृष्टीने फार समंजस आहे. तिथे खाऊ द्यायचाच असेल तर पाहुण्याने जाळी लावलेल्या घरात जायचं, माकडं बाहेर मोकळी राहतात आणि जाळीतून घास घेतात. बाहेर मोकळ्या जागेत मात्र काहीही द्यायचं नाही. केळी-शेंगदाणे विकून पोट भरणाऱ्यांचं काय, हेही विचारलं जातं, आणि रास्तपणे. त्यांना वाटाडे, राखणदार, सामान सांभाळणारे म्हणून काम देणं हे अभयारण्य चालवणाऱ्यांचं कर्तव्य आहे. त्यांच्या रोजीचा बोजा माकडाच्या पोटावर टाकता येत नाही.

आणखी एक देणं आपण नकळत देतो, ते म्हणजे आपले आजार. माकडं आपल्या इतकी जवळची, की क्षय, गोवर, फ्लू यांची लागण माणसाकडून त्यांना होऊ शकते. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नये. अर्धवट खाल्लेलं फळ टाकू नये, थुंकू नये, हात लावू नये. तिकीट आधीच काढलेलं असतं हे मान्य, तरीही.

राहिला एकच प्रश्न: द्यायचं नाही, शिवायचं नाही, जवळ जायचं नाही, तर मग जायचं कशाला? बघायला. आणि खरं बघणं अंतरावरूनच होतं, कारण खाऊ दिसला की माकडाचं सगळं वागणं त्या खाऊभोवती गोळा होतं आणि आपल्याला फक्त एक मागणारा प्राणी दिसतो. दहा-पंधरा फुटांवर शांत बसून राहिलं की टोळी आपल्याला विसरते. मग दिसतं की गालफडात फळं कोंबून आलेलं माकड निवांत जागी बसतं आणि हाताच्या मागच्या बाजूने गाल बाहेरून दाबत एकेक घास तोंडात परत आणतं. एकमेकांच्या अंगावरची लव दोन्ही हातांनी विंचरून, बोटांच्या चिमटीत काहीतरी धरून ओठांशी नेणं चाललेलं असतं, आणि कोण कुणाची लव विंचरतं यावरून टोळीतली मैत्री, मान आणि नाती वाचता येतात. वानरांच्या टोळीत हुप्प्या कुठे बसतो, माद्या पिल्लू एकमेकींच्या हातात कसं देतात, पिल्लू किती लांब गेलं की आई शेपटीला धरून ओढते, हे सगळं त्यांच्याच तालात घडतं. दुर्बीण किंवा कॅमेऱ्याची झूम लेन्स याच्या कामाची. फोन हातातून काढून गळ्यात बांधावा, चष्म्याला दोरी लावावी, पाण्याची बाटली पाठपिशवीत बंद ठेवावी आणि पिशवी पुढे घ्यावी.

बालीला जा, गिब्राल्टरला जा किंवा पावसाळ्यात ताम्हिणी घाटात. माकडांना काही द्यायचं नाही, हे मुलांना घरून निघतानाच सांगून ठेवा आणि खाऊ डिकीत बंद करा. माकड समोर आल्यावर आणि पुडा हातात असताना सांगून उपयोग होत नाही.